माकडाचा उजवा कौल

चौऱ्याण्णव साली सानपाडा गावातल्या मारुतीला ऑइल पेंट दिला आणि माझ्या लग्नाची पंचाईत झाली.

पेंट चांगला होता, त्याला दोष नाही. मारुतीचा पुजारी गोटीराम पाटील हा पोटापाण्यानं रंगारी. वाशीतल्या एका सोसायटीची ग्रिलं रंगवून उरलेला डबा त्यानं भक्तिभावानं देवाला मारला. मारुती इतका चकाकायला लागला की समोर उभं राहून भांग पाडता यायचा. अडचण एवढीच झाली की पाकळी चिकटेना. त्या गावात कुठलंही काम काढायचं तर आधी कौल लावतात. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवायची, हात जोडून प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पेंटनंतर दोन्ही पाकळ्या लावल्या लावल्या एकदमच खाली यायला लागल्या. गोटीरामचं म्हणणं, देव 'बघू' म्हणतोय. गोजरामावशीचं म्हणणं, गोटीरामला अक्कल नाही.

गोजरामावशी आमची घरमालकीण. आमची म्हणजे प्रयोगशाळेची. आमच्या संस्थेची बेलापूरची इमारत त्या वर्षी बांधून होत होती, म्हणजे होत नव्हती. म्हणून सुमेधा मॅडमनी सानपाडा गावात मावशीच्या घराखालचा गाळा भाड्यानं घेतला होता. डावीकडे झेरॉक्स, उजवीकडे केशकर्तनालय आणि मधे आम्ही, दारावर 'मेंदू संशोधन, चप्पल बाहेर काढावी' अशी पाटी लावून. माणसं तिघं होतो. डॉक्टर सुमेधा मॅडम, त्यांचा मदतनीस म्हणजे मी यशराज, आणि एम-दोन. एम-दोन माकड होता. एम-एक पहिल्याच दिवशी पळाला होता आणि अधूनमधून जुईनगरच्या पाण्याच्या टाकीवर दिसायचा. तब्येत चांगली होती त्याची.

काम असं होतं. एम-दोन अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसायचा. समोर पडदा, पडद्याच्या मधोमध एक ठिपका. मेंदूत केसाइतकी बारीक तार सोडलेली. मेंदूला स्वतःला दुखत नाही, त्यामुळे एम-दोनची तक्रार नसायची. तारेचं दुसरं टोक स्पीकरला. तारेशेजारची पेशी जागी झाली की स्पीकरमधून आवाज यायचा, टक टक टक, जसं काही कुणीतरी नखानं पत्रा वाजवतंय.

आता पेशींचा स्वभाव. बघण्याच्या कामावर असलेल्या या पेशींना प्रत्येकी एक बीट नेमून दिलेली असते, हवालदाराला असते तशी. माकड जिथं बघतंय त्याच्या थोडं डावीकडे, ही आमच्या पेशीची बीट. तिथं ठिपका उमटला की पेशी टक टक करणार. उजवीकडे ठिपका उमटो नाहीतर दंगल होवो, ती ढिम्म. आपल्या हद्दीत येत नाही. आम्ही रोज नवी पेशी शोधायचो, पण तार मेंदूच्या उजव्या बाजूला होती आणि त्या बाजूच्या पेशी डावीकडचंच बघतात. सगळ्या एकाच चौकीच्या.

डोळा हलला की बीटही डोळ्याबरोबर सरकते. इथवर सगळं सरळ आहे. पण अमेरिकेत कुणाच्यातरी लक्षात आलं होतं की डोळा हलायच्या किंचित आधी, म्हणजे माकडानं 'तिकडे बघावं' असं ठरवलंय पण अजून बघितलेलं नाही अशा टिचकीभर वेळात, काही पेशी नव्या बीटवर आधीच हजर असतात. बदलीची ऑर्डर निघालेली नाही, जुन्या चौकीतला चहा संपलेला नाही, आणि हवालदार पुढच्या गावात शिट्टी मारतोय. मॅडमना ही शिट्टी स्वतःच्या कानांनी ऐकायची होती.

त्यासाठी एम-दोननं मधल्या ठिपक्यावरची नजर उचलून पार उजव्या टोकाला टाकायला हवी होती. त्याला त्यात रस नव्हता. मधे बघत राहिलं की नळीतून कोकम सरबताचा थेंब मिळतो हे तो शिकला होता, आणि मिळतंय त्यात सुखी होता. मॅडम म्हणायच्या, "यशराज, या माकडाला महत्त्वाकांक्षा नाही." हे म्हणताना त्या माझ्याकडे बघायच्या.

मला होती. माझी महत्त्वाकांक्षा वरच्या मजल्यावर राहायची. नमिता, गोजरामावशीची मुलगी, एका भावाच्या पाठची, वाशीला एका ऑफिसात नोकरीला. ती पहिल्यांदा गाळ्यात आली ती "रात्री कोण कण्हतं खाली?" हे विचारायला. मी सांगितलं, फ्रिज. ती फ्रिज बघून गेली. दुसऱ्या दिवशी माकड बघून गेली. तिसऱ्या दिवशी बघण्यासारखं फक्त मीच उरलो होतो. पुढचं आपोआप झालं आणि दिवाळीपर्यंत लग्नावर आलं.

नमितानं आईला सांगितलं. मावशी भाजी निवडत होती, तिनं निवडणं थांबवलं नाही.

"घाटी हाय तो."

"साताऱ्याचा आहे, आये."

"मंग घाटीच की. बाप काय करतं?"

"तुर्भ्याला मार्केटमध्ये माथाडी."

"कष्टाचा मानूस हाय म्हंजे." मावशीनं एक अळी चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकली. "मी हो बोलत नाय, नाय बोलत नाय. देवाला इचारू."

पण देवाला नुकताच पेंट दिलेला.

अशा वेळी एका दुपारी मॅडमना भेटायला कुणी पाहुणे आले होते आणि मॅडम त्यांना समजावत होत्या, "अशी पेशी डोळ्याच्या आधी पोचते. पुढे काय दिसणार आहे ते तिला आधीच कळतं." मावशी तेव्हा बाहेर झरोक्याखाली वालाच्या शेंगा वाळत घालत होती. तिनं वाक्य नीट ऐकलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. आतून टक टकही ऐकलं. पाहुणे गेल्यावर ती हात पुसत आत आली, पहिल्यांदा एम-दोनच्या पाया पडली आणि मग म्हणाली,

"डाक्टरीनबाय, तुमी मारोती ठेवलाय आनि आमाला बोल्ला पन नाय?"

"मावशी, हा प्रयोगाचा प्राणी आहे."

"त्याला व्हायच्या आधी कलतं का नाय?"

मॅडम शास्त्रज्ञ होत्या. खोटं बोलता येईना. "कळतं. पण तसं नाही..."

"कसा का असंना. उजवीकं एक ठिपका टाका, डावीकं एक टाका. ज्या ठिपक्याला वाजंल तो कौल."

"मावशी, हे विज्ञान आहे."

"हो बाय. आनि मेन स्विच वर हाय, माजे घरात."

मॅडमनी विचार केला. त्यांना तसंही दिवसभर ठिपकेच टाकायचे होते. कुणी मागे उभं राहून प्रश्न विचारला तर पेशीचं काय बिघडत होतं? दर शनिवारी दुपारी कौल लावायचं ठरलं.

पहिल्या शनिवारी रांग झेरॉक्सच्या दुकानापर्यंत गेली. चप्पल बाहेर काढावी ही पाटी आधीपासून होतीच, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही. लोक चौघं चौघं आत येऊन खुर्चीच्या मागे हात जोडून उभे राहायचे. मी दिवे घालवायचो. प्रश्न विचारला जायचा. आधी उजवा ठिपका टाकायचा, कारण देवाला आधी हो म्हणायची संधी द्यायची, असा मावशीचा नियम. उजवा ठिपका उमटायचा. शांतता. मग डावा ठिपका. टक टक टक टक.

"नाय," मावशी म्हणायची. "पुढला."

कुणाला रिक्षा घ्यायची होती. नाही. कुणाला गच्चीवर एक खोली चढवायची होती. नाही. एकाला मोरा बंदराच्या जेट्टीवरनं मासळी आणून वाशीत विकायची होती. नाही. दोन-तीन शनिवारांत सानपाडा गाव बंद पडलं. कुणी काही बांधेना, काही घेईना. वाळूचा ट्रक परत जायला लागला. केशकर्तनालयवाला कौल लावून बसला, दुकान पहाटेच उघडू का? नाही. त्या दिवसापासून तो झकास अकरा वाजता उघडायला लागला.

गावातली माणसं मात्र वेंधळी नव्हती. महिन्याभरात त्यांच्या लक्षात आलं की देव नाहीच म्हणतो, तेव्हा प्रश्न त्या हिशेबानं विचारावा. बायका विचारायला लागल्या, "आमच्या ह्यांनी दारू प्यावी का?" टक टक टक. नवरे विचारायला लागले, "बायकोच्या भावाला उसने द्यावे का?" टक टक टक. गोटीरामनं विचारलं, "मी कामावर जाऊ का?" आणि नाही म्हटल्यावर आठवडाभर ओट्यावर आडवा पडून राहिला.

मी नमिताला म्हटलं, "झालं की मग. आपणही उलटं विचारू. नमिताला घरात ठेवू का? नाही. संपलं."

"घरात ठेवू का? मी काय फ्रिज आहे?"

"शब्द बदलता येतील."

पण मावशीनं गोटीरामला ओट्यावर बघितलं होतं. त्याच शनिवारी तिनं नवा नियम काढला. प्रश्न सुलटा विचारायचा. उलटा विचारणाऱ्याला नारळाचा दंड, आणि शुभकार्याचा प्रश्न तर ती स्वतः विचारणार.

"पोरीचा लगीन पुढले शनवारी इचारतंय," ती म्हणाली.

देव नाहीच का म्हणतो हे अख्ख्या सानपाड्यात माहीत असलेला मी एकटा होतो, किंवा मॅडम धरून दोघं. मी मावशीकडे गेलो.

"मावशी, एक सांगायचंय. ही पेशी डावीकडचंच बघते. लग्न चांगलं असो, वाईट असो, ती नाहीच म्हणणार."

"म्हंजे मारोतीला उजव्या अंगाचा दिसत नाय?"

"मारुतीला दिसतं. या पेशीला नाही."

"पेशी कोनाची?"

"त्याचीच."

"मंग?"

मी दुसरीकडून गेलो. "बरं मावशी, उजवं म्हणजे कुणाचं उजवं? समजा लोक खुर्चीच्या मागे उभे न राहता माकडाच्या समोर, तोंडाला तोंड करून उभे राहिले. मग त्याचं डावं ते लोकांचं उजवं."

मावशी म्हणाली, "देवाचा उजवा तो देवाचा उजवा. तू समोर बस, मागं बस, नायतर नारलाच्या झारावर बस."

नमितानंही आपल्या परीनं डोकं लावलं. "उजवीकडचं बघणारी एखादी पेशी आण ना."

"ती मेंदूच्या डाव्या बाजूला असते. तिकडे भोक नाही."

"मग पाड."

"त्याला समितीची परवानगी लागते."

"समितीत कोण?"

"मॅडम आणि दोन डॉक्टर."

"माकड नाही?"

"नाही."

"मग कसली समिती, यार." ती कठड्यावरून पाय हलवत बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "आये नाय बोलली ना, तर ती कधीच हो बोलणार नाय. दादाचं एक स्थळ कौलात गेलं. मुलगी चांगली होती. अजून आये तिला बाजारात बघितली की रस्ता बदलते. रडू येतं आयेला, पण रस्ता बदलते." आणि मग मोठ्यानं, "तू ठिपके बदल ना गुपचूप! कोण बघतंय?"

ते शक्य नव्हतं. कीबोर्ड मॅडमकडे असायचा. मी नुसता विषय काढला तर त्या म्हणाल्या, "डेटात ढवळाढवळ केलीस तर तुला एम-तीन करीन."

घरी तुर्भ्याला मी वडिलांना सांगितलं, शनिवारी कौल आहे, नाहीच येणार आहे, तुम्ही काही येऊ नका. माझे वडील हौसेराव. वीस-पंचवीस वर्षं मार्केटात पाठीवर पोती वाहिलेला माणूस. ते बिडी विझवून म्हणाले,

"आरं, न्हाय म्हनायला तरी समोर मानूस नगं व्हय? का भिताडाला म्हनायचं त्यास्नी?"

"तात्या, माकड म्हणणार आहे नाही."

"माकड म्हनू दे, न्हाय तर मंत्री म्हनू दे. पोरीच्या घरला जानं हाय. रीत म्हून येक गोष्ट आस्ती."

मी म्हटलं, नका येऊ. ते म्हणाले, बरं. आमच्या घरात 'बरं'चा अर्थ काहीही होतो.

शनिवार आला. मावशी नऊवारी नेसून, नारळ घेऊन, स्टुलावर बसली. शेजारी गोटीराम, साक्षीदार म्हणून. नमिता भिंतीला टेकून, अंगठ्याचं नख खात. मॅडम कीबोर्डवर. मी स्पीकरच्या बटणापाशी. माझं काम आवाज कमीजास्त करायचं. मनात आलं, बटण पार बंद करावं. पण मग शांतता हाही कौलच झाला असता आणि त्याचा अर्थ गोटीरामनं लावला असता.

एम-दोन खुर्चीत होता, मधल्या ठिपक्याकडे बघत. सरबताचा थेंब आला. त्यानं जीभ फिरवली. जगात त्याच्याएवढं निवांत कुणी नव्हतं.

मी दिवे घालवले.

"मारोतीराया," मावशी म्हणाली. तिचा आवाज एरवी झेरॉक्सच्या मशीनला पुरून उरायचा, तो आता बारीक झाला होता. "पोरगी एकच हाय माजी. मना कलत नाय. आमी खारीची, दर्याकाठची मानसा, ते घाटावरचे. पोरगा बरा दिसतं. फ्रिजचा खोटा बोल्ला नाय. देऊ का? तू सांग."

मॅडमनी कळ दाबली. उजवा ठिपका उमटला.

शांतता.

नमितानं डोळे मिटले. मी स्पीकरच्या जाळीतली भोकं बघत होतो. आता डावा ठिपका येणार, पेशी ओरडणार, आणि मावशी आयुष्यभर मला बघून रस्ता बदलणार.

तेवढ्यात दार उघडलं. दार पडद्याच्या उजव्या अंगाला होतं, ठिपक्याच्याही बरंच पलीकडे. दारात उजेडात माझे वडील उभे होते. धुवट टोपी, नवा सदरा, आणि डोक्यावर केळ्यांचा अख्खा लोंगर. पोरीच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही ही रीत. आणि माथाडी माणूस डझनावर केळी आणत नाही, त्याला ते हलकं वाटतं.

टक टक टक टक टक टक टक.

मग एम-दोनचे डोळे उजवीकडे गेले.

नेमका हा क्रम होता. आधी टक टक, मग डोळे. डोळ्याची हालचाल दाखवणारी हिरवी रेघ स्क्रीनवर सपाट होती तेव्हाच पेशी कडाडली, आणि मग रेघेनं उडी घेतली. माकडानं दाराकडे बघायचं नुसतं ठरवलं होतं. दाराकडे बघितल्यावर तो ठिपका त्याच्या नजरेच्या डावीकडे येणार होता, म्हणजे पेशीच्या हद्दीत. तो अजून आला नव्हता. पेशी पुढे जाऊन शिट्टी मारत होती.

मॅडम ताडकन उठल्या. खुर्ची मागे पडली. "आली!" त्या ओरडल्या. "यशराज, आली! आधी आली!"

"उजवा!" मावशीही उठली होती. "उजवा दिला! नमे, उजवा दिला गं!"

दोन बायका दोन वेगवेगळ्या कारणांनी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. माझे वडील दारात, लोंगर डोक्यावर तसाच. "राम राम," ते म्हणाले. "चुकीच्या टायमाला आलो का काय?"

गोटीराम घसा खाकरत पुढे आला. "गोजरावयनी, मधी दार उघारला. उजेर आला. असा कौल धरत नाय."

"तू देवाला ग्रिलचा पेंट देतोस ते धरतं?" मावशी म्हणाली. गोटीराम मागे गेला.

"मारोतीनं बगितला कोनाकं?" मावशीनं मला विचारलं.

"तात्यांकडे," मी म्हटलं. केळ्यांकडे असं म्हणायला हवं होतं, पण लोंगर आणि तात्या एकाच दिशेला होते, विज्ञानाच्या दृष्टीनं फरक नव्हता.

"म्हंजे येही, पोराचा बाप, पसंत हाय त्याला." मावशीनं पदर सारखा केला. "या, येही. आत या. ओझा उतरवा."

"नाही!" मॅडम म्हणाल्या. "उतरवू नका. बाहेर जा आणि परत या."

मॅडमचे डोळे चकाकत होते. "एकदा आलं म्हणजे काही सिद्ध होत नाही. पेशी अजून तारेवर आहे. हेच पुन्हा करायचं. निदान चाळीस-पन्नास वेळा. लगेच."

"काय पुन्ना?" मावशीचा चेहरा पडला. "बाय, देवाला येकदा इचारला की इचारला. तोच सवाल परत इचारला तं देव कोपतं. दिलेला काढून घेतं."

"मावशी, दुसऱ्यांदा आलं नाही तर पहिल्यांदा आलेलं खरं नसतं."

"आमचे देवाचा पयलाच खरा असतं."

"मग हे विज्ञान नाही."

"मंग मेन स्विच..."

मावशी खरंच जिन्याकडे निघाली. मॅडम दारात आडव्या झाल्या. पुन्हा विचारलं नाही तर मॅडमची पेशी वाया जाणार. पुन्हा विचारलं आणि एम-दोन केळ्यांना सरावला, तर डावा ठिपका, टक टक टक, आणि माझं दिलेलं लग्न परत. वडील अजून दारातच. मान अवघडली म्हणून त्यांनी लोंगर डोक्यावरून खांद्यावर घेतला.

"आये," नमिता म्हणाली. तिनं अंगठा तोंडातून काढला. "लग्नाचं झालं ना विचारून? ते बंद. आता बाकीचं विचार. हळद कधी, हॉल कुठला, जेवण काय. तोच सवाल कशाला परत? लग्नात पन्नास सवाल असतात."

मावशी थांबली. मॅडमही थांबल्या. त्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मला वाटतं मेंदू संशोधनाच्या इतिहासात एवढ्या पटकन करार कुठे झाला नसेल.

मी दिवे घालवले. वडील बाहेर गेले.

"हलद मंगलवारी करू?" उजवा ठिपका. दार. लोंगर. टक टक टक टक, मग डोळे. मावशीनं हात जोडले, मॅडमनी खूण केली, एम-दोनला एक केळं मिळालं. त्याला प्रथमच महत्त्वाकांक्षा फुटलेली दिसत होती.

"मांडव मैदानात घालू?" टक टक टक.

"नावड्याची बेंजो पार्टी सांगू?" टक टक टक.

"मोऱ्याला दिलेली बहीन, तिचे घरचे, तिचे शेजारचे, सगली बोलावू?" टक टक टक. सगळंच हो. मावशीचा चेहरा उजळत गेला आणि हिशेब वाढत गेला. हळदीला मटन, हो. मटनासोबत बोंबील, हो. नवरा घोड्यावर, हो. मी नको म्हणत होतो, मला कुणी विचारत नव्हतं.

"घाटावरनं सनई-चौघडा आनायचा, येही आनतील?"

टक टक टक टक.

दारातून आवाज आला, "आवो येक मिनिट, आमाला बी इचारा की!" पण कौल झाला होता. वडील परत बाहेर गेले. पुढच्या खेपेला आत आले तेव्हा दमलेले होते. "किती येळा येऊ रं? मार्केटात आख्खा ट्रक उतरवला तरी येवड्या खेपा न्हाईत."

"तात्या, डेटासाठी," मी म्हटलं.

"तुजा डेटा लई खादाड दिसतूया," ते म्हणाले, कारण लोंगर निम्मा झाला होता.

मधे दोनदा पेशी उजव्या ठिपक्याला गप्प राहिली. एकदा मावशीनं सगळ्या वाशीला पंगत देऊ का विचारलं तेव्हा. सगळ्यांनीच सुटकेचा श्वास टाकला. आणि एकदा गोटीराम मधेच घुसून म्हणाला, "मांडवाचा रंगकाम मी करू?" तेव्हा डावा ठिपका इतका जोरात वाजला की मला आवाज कमी करावा लागला.

शेवटी लोंगराच्या दांड्याला थोडीच केळी उरली. मावशीचे सवालही संपत आले होते, ती आता पानात चुना किती लावायचा इथवर आली होती. मॅडम म्हणाल्या, "एक शेवटचा. पेशी सुटत चाललीय."

"मी विचारू?" नमिता म्हणाली.

"इचार बाय, तुजाच लगीन हाय."

नमिता खुर्चीच्या मागे येऊन उभी राहिली. हात जोडले, डोळे मिटले. "मारोतीराया, लग्नानंतर रोज रात्रीची भांडी यशराजनं घासावी का?"

"हा सवाल कशाला," मी म्हटलं, पण दिवे माझ्याच हातानं गेले होते. उजवा ठिपका उमटला. दार उघडलं, वडील उरलेली केळी घेऊन पाय ओढत आत आले.

तसा आवाज मी नंतर कधी ऐकला नाही. एकेक टक वेगळी कळत नव्हती. सलग, पत्र्यावर गारा पडाव्यात तशी पेशी वाजली. मग डोळे गेले. मग खट असा आवाज झाला आणि पेशी तारेवरून सुटली, कायमची.

"शाब्बास!" मॅडम म्हणाल्या.

"देवाचा शबूद," मावशी म्हणाली.

"ह्ये बरं झालं," माझे वडील म्हणाले आणि उरलेल्यातलं एक केळं सोलून स्वतःच खाल्लं.

लग्न मांडवात झालं, बेंजोही होता, सनईही होती, दोन्ही एकदम वाजत होती. मॅडमचा शोधनिबंध दीड वर्षानं छापून आला. त्यातली पहिली आकृती, सगळ्यात उंच रेघेची, ती भांड्यांच्या सवालाची आहे. एका परिषदेत कुणीतरी मॅडमना विचारलं म्हणे, एवढा तीव्र प्रतिसाद याच एका वेळी का आला असावा? मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितलं, आम्हाला माहीत नाही, पण सहसंशोधक घरी त्यावर काम करत आहेत.

करतोय. अजूनही रात्री जेवताना शेवटचा घास तोंडात असतो आणि माझा उजवा हात नळाकडे गेलेला असतो. मी ठरवायच्या आधी. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, हे फार महत्त्वाचं आहे, ती पेशी मेंदूच्या डाव्या बाजूला असणार, आणि भोकाला परवानगी देणाऱ्या समितीतले दोन्ही डॉक्टर आता त्यांच्याच ओळखीचे आहेत.